तळहातावरचे दही

एका राज्यात महीधर नावाचा राजा राज्य करीत होता. राज्याला तीन अंगांनी नदी होती आणि चौथ्या अंगाला अवघड कडा होता, म्हणून शत्रूची भीती नव्हती. गाई दुभत्या होत्या, रान दाट होते, आणि बोलके पक्षी कौलांवर बसून माणसांच्या भांडणात तोंड घालीत. राजा शूर होता, न्यायीही होता. खोड म्हणाल तर एकच. तो बोलण्यात भारी कंजूष होता.

जिथे लोकांना चार शब्द लागत, तिथे राजा एकावर भागवी. शिकारीला निघालेल्या सरदारांना तो म्हणे, "जा." बिदागी घेऊन उठलेल्या भाटाला म्हणे, "जा." सासरी निघालेली माहेरवाशीण पाया पडली तरी "जा", आणि चोरी करताना सापडलेला आचारी कान धरून उभा राहिला तरी "जा". प्रधानाने एकदा भीत भीत विषय काढला.

"महाराज, पाहुण्याला 'या' म्हणावे, चाकराला 'नीघ' म्हणावे, लबाडाला 'चालता हो' म्हणावे. प्रत्येकाचे जाणे वेगळे असते."

"माणूस शेवटी दाराबाहेरच पडतो ना?" राजा म्हणाला. "मग ही शब्दांची खोगीरभरती कशाला?"

प्रधान गप्प बसला. प्रधानांना ते चांगले जमते.

आता आपली रीत तुम्हांला ठाऊक आहे. घरातून निघणारा माणूस "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. मागे राहणारा "जा" म्हणत नाही, "ये" म्हणतो, आणि लांबच्या वाटेला निघालेल्याच्या तळहातावर थोडे दही ठेवतो. ते खाऊन मग उंबरा ओलांडायचा. त्या राज्यातही हीच रीत होती. राजवाड्याच्या देवघरापाशी दह्याची चांदीची वाटी कायम झाकून ठेवलेली असे. राजाने मात्र तिच्याकडे बघणे कधीच सोडले होते.

त्या वर्षी जटांबर नावाचा मांत्रिक पावसाळाभर राजवाड्यात मुक्कामाला राहिला. म्हातारा होता, एकटा होता. त्याने कुणाकडे काही मागितले नाही. बागेतल्या दगडी मोराला त्याने नाचायला शिकवले. राजकन्या शशिलेखा तापाने फणफणली, तेव्हा तिच्या उशाशी बसून त्याने तिला कडू मुळी उगाळून दिली आणि ताप एका वाघाच्या अंगावर सोडून दिला. वाघ चार दिवस कण्हत होता, मग तोही बरा झाला.

पाऊस सरला आणि राणी पद्मसेनेला माहेरचा सांगावा आला, आई आजारी आहे. पालखी दाराशी लागली. राजा सेनापतीशी सोंगट्या खेळत बसला होता. राणी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"येते मी. आईला बरे वाटले की लगेच फिरते."

राजाची सोंगटी मरायला टेकली होती. मान वर न करता तो म्हणाला, "जा."

राणीने दह्यासाठी उजवा हात पुढे केला होता. तो रिकामा हात तिने क्षणभर तसाच धरला, मग मूठ मिटली आणि ती पालखीत जाऊन बसली.

दाराशी उभ्या असलेल्या जटांबराने हे पाहिले. खांद्यावर पडशी होती, त्यालाही निघायचे होते. तो पुढे आला.

"महाराज, मीही येतो. पावसाळाभर आपले अन्न खाल्ले."

राजाने फासे टाकले. "जा."

"कसा जाऊ?"

"कसा म्हणजे?"

"पाहुणा म्हणून जाऊ, चाकर म्हणून जाऊ, की वैरी म्हणून जाऊ?"

"जा म्हणजे जा," राजा वैतागून म्हणाला.

"बरे आहे. राजाचा शब्द खाली पडू नये. आजपासून या राज्यात जा म्हणजे जा. जाण्याच्या बाकी सगळ्या तऱ्हा मी नेतो. नदीपार जाणारा नुसता जाईल, त्याला माघारी वाट नाही. ज्याला तऱ्हा परत हव्या असतील, त्याने माझ्या डोंगरावर येऊन मागाव्या."

त्याने पडशीतून तांब्याचा हंडा काढला. राज्यातल्या झाडून सगळ्या तोंडांतून शब्द निघाले आणि मधमाश्यांसारखे घोंघावत हंड्यात शिरले. जटांबराने झाकण लावले आणि तो निघून गेला. मग राजाने सोंगटी हलवली, आणि ती मेली.

तेव्हापासून जो गोंधळ माजला, तो सांगायला मलाच धाप लागते. माझ्या जिभेवर तो शाप नाही, म्हणून मी निघाला, पळाला, सटकला, मार्गस्थ झाला असे मोकळेपणाने म्हणू शकतो. त्या बिचाऱ्यांना तेवढीही सोय उरली नव्हती. निघताना "येतो" म्हणायला तोंड उघडावे, तर बाहेर "जातो" पडे आणि घरचे धावत येऊन त्याची बाही धरीत.

राजाला सेनापतीला वेशीची पाहणी करायला पाठवायचे होते. तोंडून आले "जा". सेनापती घरी गेला, जेवला आणि पांघरूण ओढून झोपला. सराफाकडे चोरी झाली. चोर पळाला आणि पहारेकरी त्याच्यामागे धावला. साक्षीदाराने न्यायसभेत सांगितले, "आधी हा गेला, मग तो गेला." कुणी चोरी केली आणि कुणी पाठलाग केला हे कुणालाच ठरवता येईना, तेव्हा दोघांनाही कोठडीत घातले. कुंभाराच्या मुलीचे लग्न लागले. ती गाडीत बसून सासरी निघाली, तर आईला वाटले पोर पाणवठ्यावर चालली आहे. कुणी पदर डोळ्यांना लावला नाही. पोरगी वळून वळून बघत होती, आपले काय चुकले ते तिला कळेना. आणि त्याच आळीत एक तेली शेजारच्या वाडीला घाण्याचा बैल आणायला निघाला, तर त्याच्या बायकोने ऊर बडवून आळी गोळा केली.

राजवाड्याच्या बागेचा माळी रखमाजी वारला, तेव्हा तर फारच वाईट झाले. वैद्य बाहेर येऊन म्हणाला, "रखमाजी गेले."

त्याची बायको चिमाबाई म्हणाली, "कुठे? भाकरी तर तव्यावर आहे."

शेजाऱ्यांनी रखमाजीला उचलून नदीकाठी नेले, सगळे यथासांग केले. चिमाबाईने ते डोळ्यांनी पाहिले. पण वैद्याने जो शब्द वापरला, तोच बाजाराला गेलेल्या माणसालाही लागत होता. तेव्हा ती दोन्ही वेळा त्याचे ताट वाढून झाकून ठेवी आणि दाराकडे तोंड करून बसे. कुणी तिला समजवायला आले, तर त्यालाही दुसरा शब्द सापडत नसे.

आणि रोज संध्याकाळी नदीच्या पलीकडच्या काठावर राणीची पालखी दिसे. तिची आई केव्हाच बरी झाली होती. भोई उताराशी येत, पाण्यात पाऊल घालीत, आणि वाट त्यांच्या पायांखालून अशी वळे की पालखी पुन्हा तोंड फिरवून माळावर चालू लागे. राणी पडदा सारून बघत राही. राजा अलीकडच्या काठावर उभा असे. त्याने सोंगट्यांचा पट जाळून टाकला होता. आता तो रोज दह्याची वाटी घेऊन काठावर येई आणि अंधार पडण्याआधी तशीच परत नेई.

राजवाड्याच्या वळचणीला काजळ्या नावाचा कावळा राहत असे. पाहुणा येणार असला की ओरडून वर्दी द्यायची, हे त्याचे काम. पालखी दिसली की तो ओरडे, ती वळली की ओशाळून गप्प बसे. असे रोज करून त्याचा घसा बसला.

एका संध्याकाळी राजकन्या शशिलेखा राजासमोर येऊन उभी राहिली. डोक्याला पदर गुंडाळला होता, कमरेला शिदोरी बांधली होती.

"आबासाहेब, आईसाहेबांना आणायला हवे."

पुढचे ती बोलली नाही. "जाते" म्हटले असते तर तिचीही वाट तुटली असती. राजाला सांगायचे होते, बाळ, सांभाळून, लवकर फीर, नको, इथेच राहा. ओठांवर आला तो एकच शब्द. राजाने दोन्ही हातांनी आपले तोंड दाबून धरले. मग त्याने वाटी उचलली आणि लेकीच्या तळहातावर दही ठेवले. शशिलेखेने ते खाल्ले. राजाने वाटीच तिच्या हाती दिली आणि तोंड फिरवले. त्या दोघांना तेव्हा माहीत नव्हते, पण दह्याच्या रीतीला शापाने हात लावलेला नव्हता. तो फक्त तऱ्हांचे शब्द घेऊन गेला होता.

"मी वाट दाखवतो," काजळ्या म्हणाला. "म्हाताऱ्याला त्या दिशेला वळताना मी पाहिले आहे. पण आधीच सांगतो, माझ्याकडे येणाऱ्यांचे काम आहे. जाणाऱ्यांचे मला काही कळत नाही."

ते खरेच होते. काजळ्याने रस्ता दोनदा चुकवला. एकदा तिला त्याच वडाखाली परत आणून सोडले आणि वर विचारले, "हे झाड ओळखीचे वाटते का?" तरी करत करत ती दोघे जटांबराच्या डोंगरापाशी पोचली.

डोंगराभोवती माणसे चालत होती. कुणी सरदार होता, कुणी दरोडेखोर, एक तर कुठल्यातरी राज्याचा युवराज होता. हंड्यात मोहरा आहेत असे समजून ते आले होते, आणि कुणाला न सांगता हंडा उचलून निघाले होते. हंडा जागीच राहिला आणि त्यांचे चालणे मात्र थांबले नाही. त्यांच्या पायांनी डोंगराला गोल वाट पडली होती.

माथ्यावर उंबराच्या झाडाखाली जटांबर बसला होता. फांदीला हंडा टांगला होता आणि आतून गुणगुण ऐकू येत होती.

"कोण?"

"महीधर राजाची कन्या, शशिलेखा."

"काय हवे?"

"जाण्याच्या तऱ्हा."

"मिळतील. आधी तिघांना वाटेला लाव. एक पायथ्याच्या गुहेत आहे, एक मधल्या चढावर आहे. तिसरा मग सांगतो."

"माझ्याजवळ शब्द एकच आहे."

"तो तुझ्या बापाने ठेवलेला आहे, मी नाही," जटांबर म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

पायथ्याच्या गुहेत घटोदर नावाचा राक्षस लोळत पडला होता. एका दुपारच्या जेवणापुरता म्हणून तो आला होता आणि तेव्हापासून जटांबराचे धान्य संपवीत होता. शशिलेखा नीट नमस्कार करून म्हणाली, "जा."

"जातो की," घटोदर कुशीवर वळला. "पण कुठे जाऊ? किती वेळ जाऊ? आणि परत जेवायला केव्हा येऊ?"

शशिलेखा भांबावली. तिला चांगले वळण लागलेले होते, आणि चांगल्या वळणाच्या माणसाची अशा पाहुण्यापुढे फार पंचाईत होते. आपलेच काहीतरी राहून गेले असे तिला वाटले. तिने वाटीतले थोडे दही काढून राक्षसाच्या तळव्यावर ठेवले. घटोदराने ते चाटले आणि तो होता त्याच्या दुप्पट झाला.

"मुलगी मायाळू आहे!" तो म्हणाला. "आता मी राहतोच."

"अहो ताई!" काजळ्या दगडावरून किंचाळला. "जो परत यावा असे वाटते, त्याला दही देतात! हा यायला हवा आहे का तुम्हांला?"

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आवरता आवरेना इतका राग तिला आला. तिने राक्षसाची वाकळ ओढून गुहेबाहेर भिरकावली. चूल विझवली. खरकटी परात त्याच्या पायांवर उलटी केली. कोपऱ्यातला खराटा उचलून ती दारात उभी राहिली, आणि हरवलेला एक शब्द आपणहून जिभेवर आला.

"चालता हो!"

घटोदर दचकला. एवढ्या काळात त्याला हे कुणी म्हटलेच नव्हते. तो हवा गेलेल्या फुग्यासारखा बारीक झाला, वाकळ गुंडाळली आणि त्याने काढता पाय घेतला.

शशिलेखेला त्या शब्दाची चव फारच आवडली. "चालता हो," ती पुन्हा एकदा हलकेच म्हणाली. काजळ्याला वाटले आपल्यालाच. तो रुसून बराच वेळ मागून उडत राहिला.

मधल्या चढावर एका धोंड्यावर कुणी म्हातारा बसला होता. वहाणा त्याच्या हातात होत्या. जवळ गेल्यावर शशिलेखेने ओळखले.

"रखमाजीबाबा! तुम्ही इथे कसे?"

"मलाच कळंना, ताईसाहेब," रखमाजी म्हणाला. "पुढं जावं तर पाय उचलत न्हाई. घरी ताट वाढलंय ना, भाकरीचा वास येतो. माघारी यावं म्हटलं, तर वैद्यबुवा म्हणाले, गेले. मग गेलेलाच आहे का मी? का बसलोय?"

शशिलेखेजवळ आता दोन शब्द होते आणि दोन्ही या माणसाला लावण्यासारखे नव्हते. वाटी तिच्या हातात होती. एकदा दही देऊन फसगत झालेली. पण रखमाजी परत यावा असे तर तिला मनापासून वाटत होते. तिची बोटे झाकणावर गेली. हा आला तर चिमाबाईचे ताट रिकामे राहणार नाही, बागेतला मोगरा सुकणार नाही. पण नदीकाठचा धूर तिने स्वतः पाहिला होता. तिने झाकण घट्ट दाबले आणि वाटी पदराखाली घेतली. काय करावे ते न सुचून ती त्याच्याजवळ धोंड्यावर बसली.

"काही राहिले आहे का, बाबा?"

"राहिलंय की. मोगऱ्याच्या वाफ्याला बुडाशी पाणी घालाया हवं. वरून घातलं तर कळ्या गळतात. नवा गडी वरून घालत असंल."

"मी बघेन."

"राणीसाहेबांच्या वेणीसाठी एक झाड राखलंय. ते दुसऱ्या कुणाला तोडू देऊ नका."

"नाही देणार."

रखमाजीने वहाणा एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "आणि चिमेला सांगा, ताट वाढू नको. भाकरी गरम असते, तिची ती खात न्हाई. निवलेलीच खाते मग."

हे ऐकून शशिलेखेला रडू कोसळले. रखमाजी वारला त्या दिवशी ती रडली नव्हती. रडायचे आहे हेच कुणाला समजले नव्हते. आता ती पोटभर रडली. मग उठून तिने झऱ्याचे पाणी ओंजळीतून आणले आणि त्याच्या ओठांना लावले. त्याच्या हातातल्या वहाणा घेतल्या, पदराने पुसल्या आणि टाचा घराकडे, अंगठे पुढच्या वाटेकडे अशा त्याच्या पायांपुढे मांडल्या. दुसरा शब्द तेव्हा आला.

"निरोप घ्या, बाबा. घरचे मी बघते."

"असं व्हय," रखमाजी म्हणाला. "मग निघालं पाहिजे." त्याने वहाणांत पाय घातले. चढ संपेपर्यंत तो दिसत होता, नंतर दिसला नाही.

ती माथ्यावर आली तेव्हा जटांबराने हंडा खाली काढून ठेवला होता.

"तिसरा कोण?" तिने विचारले.

"तू. हंडा घे आणि इथून नीघ."

एवढे सोपे असेल यावर तिचा विश्वास बसेना. तिने हंड्याला हात लावला, आणि खालून गोल वाटेवर चालणाऱ्या पायांचा आवाज ऐकू आला. न सांगता निघालेल्यांचे काय झाले ते तिला आठवले. सांगून निघायला हवे. पण काय सांगून? "जाते" म्हटले तर संपलेच. "चालता हो" तिने गुहेत खर्च केला होता, निरोप रखमाजीला दिला होता. जो शब्द हवा होता, तो तिला ठाऊक होता. पण तो म्हणायचा म्हणजे परत यायची तयारी हवी. आणि या माणसाच्या दारात पुन्हा पाऊल टाकावे असे तिला मुळीच वाटत नव्हते.

"मला तुमचा राग आला आहे," ती म्हणाली. "माझी आई रोज नदीपर्यंत येते आणि तुम्ही तिला माघारी फिरवता."

"मी नाही. तुझ्या बापाचा शब्द फिरवतो."

"एका शब्दासाठी एवढे राज्य वेठीला धरलेत?"

जटांबर उठून उंबराच्या खोडाला टेकला. "मला घर नाही, मुली," मग तो म्हणाला. "आजवर जिथे जिथे राहिलो तिथून लोकांनी मला घाबरून वाटेला लावले. तुमच्याकडे पहिल्यांदा कुणी घाबरले नाही. तू माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपलीस. तुझ्या बापाला मी येतो म्हणालो, ते रीत म्हणून म्हटले नव्हते. मला खरोखरच परत यायचे होते."

शशिलेखेला आता काहीच उमगेना. राग गेला नव्हता, पण त्याच्या बाजूला दुसरेही काहीतरी येऊन बसले होते. त्या तापाच्या दिवसांत कपाळावर फिरणारा खरखरीत हात तिला आठवला. कुणी चूक आणि कुणी बरोबर, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिने ठरवायचे सोडून दिले. वाटी जटांबराच्या हाती दिली आणि आईने धरला होता तसा आपला उजवा हात त्याच्यापुढे धरला.

"मी तुमच्या घरी आलेली पाहुणी आहे," ती म्हणाली.

असा रिकामा हात जटांबराने एकदा पाहिला होता. त्याने वाटीचे झाकण काढले. तळाशी थोडे दही उरले होते. ते त्याने सगळे तिच्या तळहातावर निपटून घातले. तिने खाल्ले, आणि शब्द कुठे अडला नाही.

"येते, बाबा. आणि आधी तुम्ही या. मोर तुमच्यावाचून नाचायला आळस करतो."

"ये," म्हातारा म्हणाला.

हंड्याचे झाकण आपोआप उडाले. शब्दांचा थवा आभाळात चढला आणि नदीच्या दिशेने निघाला. गोल वाटेवरची माणसे थांबली, पाय चोळीत खाली बसली आणि एकमेकांना विचारू लागली की आपण कुठे निघालो होतो.

शशिलेखा नदीवर पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. पलीकडच्या काठावर ती आणि राणीची पालखी एकाच वेळी आल्या. भोयांनी पाण्यात पाऊल घातले. या वेळी वाट वळली नाही. पाणी भोयांच्या गुडघ्यांपर्यंत आले, कमरेपर्यंत आले, आणि पालखी अलीकडे टेकली. काजळ्याचा घसा बसलेलाच होता, तरी तो जीव खाऊन ओरडला.

राजा काठावर साध्या मातीच्या वाडग्यात दही घेऊन उभा होता. सगळे शब्द परत येऊन त्याच्या तोंडात एकदम दाटले होते आणि त्यातला कुठला उचलावा हे त्याला समजत नव्हते. राणी खाली उतरली. तिने उजवा हात पुढे केला. राजाने त्यावर दही ठेवले.

"उशीर झाला," राणी म्हणाली.

"मला झाला," राजा म्हणाला.

राज्याची घडी पुन्हा बसायला लागली. सेनापती जागा झाला आणि वेशीची पाहणी करून आला. चोर कोण ते ठरले आणि पहारेकऱ्याची क्षमा मागितली गेली. कुंभारीण दुसऱ्याच दिवशी लेकीच्या सासरी गेली आणि तिच्या गळ्यात पडून उशिराचे रडून आली. दसऱ्याला जटांबर आला. चार दिवस राहून तो निघाला, तेव्हा राजा वेशीपर्यंत अनवाणी पोचवायला गेला आणि सगळ्यांना ऐकू येईल असे म्हणाला, "या. घर तुमचे आहे." जटांबर "येतो" म्हणाला आणि पुढच्या पावसाळ्यात खरोखरच आला.

पण हे सगळे नंतरचे. त्या संध्याकाळी राजकन्या नदीवरून राजवाड्यात गेली नाही. ती चिमाबाईच्या झोपडीत गेली. राणीही तिच्या मागोमाग गेली.

चिमाबाई दाराकडे तोंड करून बसली होती. समोर ताट झाकलेले होते.

"चिमाबाई, रखमाजीबाबा वाटेत भेटले," शशिलेखा म्हणाली. "त्यांनी निरोप घेतला. मोगऱ्याला बुडाशी पाणी घालायला सांगितले आहे. आणि तुम्हांला सांगितले आहे, ताट वाढू नका. भाकरी गरम आहे तोवर तुम्ही खा."

चिमाबाईने तिच्याकडे पाहिले. तिचे ओठ हलले. नको असलेला शब्द तोंडात परत आला होता आणि तो बाहेर काढल्यावाचून सुटका नव्हती.

"म्हंजी वारले ते," ती म्हणाली.

राणी तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि तिचा हात हातात घेतला. त्या झोपडीतून जो हंबरडा फुटला, तो ऐकून सारी आळी दारात आली, आणि या वेळी कशासाठी यायचे ते प्रत्येकाला कळले होते. माझे विचाराल तर शाप सुटला तो त्या क्षणी.

मग चिमाबाई उठली. तिने ताटावरचे झाकण काढले, भाकरीचा तुकडा मोडला आणि अंगणातल्या दगडावर नेऊन ठेवला. काजळ्या झोपडीच्या वळचणीवर होता. जाणाऱ्यांचे आपल्याला काही कळत नाही, असे तो आयुष्यभर सांगत आला होता. तो खाली उतरला. इतका बडबड्या कावळा, पण एक अक्षर न बोलता त्याने तुकडा चोचीत घेतला आणि नदीच्या अंगाला उडाला.

चिमाबाई तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

"सुखानं जा," ती म्हणाली.

तुमच्या उंबऱ्यावरून निघालेली माणसे सुखरूप माघारी येवोत, आणि ज्यांना यायचे नाही त्यांची वाट मऊ असो. एवढे मागून ही कहाणी इथे ठेवली.